सँ-त्रोपेतली मोजणी

बोट खाडीतच थांबली. गावाच्या धक्क्याला
एवढं धूड पेलणारं नव्हतं.
लहान नावांतून आम्हाला उतरवलं,
गळ्यात दोरी, दोरीला कार्ड,
शाळेच्या सहलीसारखे.
शेवटची नाव साडेपाचला. दोनदा बजावलं.

धक्क्यावर श्रीमंतांच्या पांढऱ्या बोटी
पाठमोऱ्या, दिवाणखाने उघडे टाकून.
एका बोटीवर एक पोरगा
आधीच लखलखणारा कठडा पुसत होता
आणि आम्ही पन्नासेक जण ते बघत होतो.
कॉफीचा भाव वाचला. तहान आवरली.
लेक म्हणाली, इथे पायाच्या मापानं चपला शिवतात,
जावई म्हणाला, दोन तास तरी लागतील.
म्हटलं, जा तुम्ही. मी सावली शोधते.

सावली चिनारांच्या मैदानात होती,
तिच्यात चार म्हातारे लोखंडी गोळे फेकत होते.
लाकडाची एक बारकी गोटी पुढे टाकायची,
जो गोळा तिच्याजवळ, त्याचा डाव.
त्या गोटीला ते डुकराचं पिल्लू म्हणतात.
हे मला झिनेतनं सांगितलं, बाकावरच्या,
नाकानं घुरघुरून,
कारण तिची भाषा मला येत नव्हती
आणि माझी तर त्या मैदानात कुणालाच.

मग भांडण लागलं.
ओनोरीनचा गोळा जवळ की बाप्तिस्तँचा?
दोघेही गुडघ्यांवर, दोघांची बोटं मातीत,
दोघांचे आवाज चढलेले,
आणि मापाची टेप बाप्तिस्तँच्या सुनेनं
पडदे शिवायला नेलेली.

बत्तीस वर्षं मी मोजणी खात्यात होते.
बांधावर उभे दोन सख्खे भाऊ
दुरूनच ओळखू येतात मला.
पाय आपोआप उठले.
गळ्यातली दोरी काढली, कार्ड मुठीत धरलं,
पिल्लापासून गोळ्यापर्यंत ताणली, गाठ मारली.
तोंडातून नकळत विटीदांडूची मोजणी निघाली,
वकट, लेंड, मुंड, नाल.
चौघे गप्प झाले.
त्यांना वाटलं असावं, हा काही कायदा आहे.

बाप्तिस्तँ. तिळाएवढ्यानं.

ओनोरीननं टोपी आपटली, मग उचलून झटकली,
आणि खिशातून दोन जर्दाळू काढून माझ्यापुढे धरले.
मी लगेच ओळखलं.
फेरमोजणीचा अर्ज, शुल्कासह.
नोकरीत कधी चहासुद्धा घेतला नाही कुणाचा.
जर्दाळू घेतले. ऊन लागलेले, मऊ, एक डागाळलेला.
दोरी पुन्हा ताणली. दुसरी गाठ.

या वेळी ओनोरीन. तिळाएवढ्यानंच.

दोरी तीच, हात तेच, जमीन तीच.
बत्तीस वर्षांतल्या किती नकाशांवर
माझी सही आहे, ते आठवू लागले
आणि जर्दाळूची बी दाढेखाली आली.

निवाडा झिनेतनं दिला.
बाकावरून उठली, आली,
आणि सपातेच्या टोकानं पिल्लाला अशी लाथ मारली
की ते चिनाराच्या मुळात जाऊन बसलं.
चौघांनी तिला शिव्या दिल्या असाव्यात,
कारण ती खूष दिसत होती.
नवा डाव लागला.
मला कुणी बस म्हटलं नाही, जा म्हटलं नाही.
मी बसले.

पाच वाजता लेक आली, पायांत चपला,
टाचेला एक फोड.
नावेवरच्या मुलीनं कार्ड मागितलं, यंत्र पिकलं.
दोरीला माती, म्हणाली बहुतेक, आणि बोटं पुसली.

डेकवरून गाव बघितलं.
घंटाघर, पिवळ्या भिंती, त्यामागे चिनार असतील.
जावयानं विचारलं, आई, काय काय पाहिलंत?
मी दोरीतल्या दोन गाठी
अंगठ्यानं चाचपत होते.
त्यांच्यामधल्या जागेत नखसुद्धा शिरत नव्हतं.